शून्य गुणांचे मित्र
कोलकात्याच्या गच्च्या, न दिसणारे डोंगर आणि हॅम रेडिओची दोस्ती

कोलकात्याला जाणाऱ्याची यादी साधारण ठरलेली असते. हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, ट्राम, कॉलेज स्ट्रीटची जुनी पुस्तकं आणि जाता-येता मिष्टी दोई. यादी चांगलीच आहे, त्यातलं काही गाळू नका. फक्त तिच्यात एक गोष्ट वाढवा. जुन्या वस्तीतल्या एखाद्या गल्लीतून चालताना मान जरा वर करून गच्च्यांकडे बघा. वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या आणि केबलच्या जंजाळात कधीतरी एखादी वेगळीच तार दिसेल, किंवा उंच काठीवर आडव्या नळ्यांचा सांगाडा दिसेल. तो टीव्हीचा नाही. त्या गच्चीखालच्या खोलीत बसलेला माणूस कदाचित याच क्षणी जपानमधल्या कुणाशी तरी गप्पा मारत असेल. इंटरनेट नाही, मोबाइल टॉवर नाही, मधे कोणतीही कंपनी नाही.

अशा माणसाला म्हणतात 'हॅम'. त्याचा छंद म्हणजे हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचं 'कॉलसाइन' म्हणजे आकाशातलं नाव मिळवायचं आणि जगभरातल्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. आपल्या देशाची कॉलसाइन सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. पैसे कमवायचे नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, हे नियम. मग करायचं काय? तर माणसं गाठायची!

पहिला हॅम इथलाच

या छंदासाठी कोलकाता म्हणजे काशी आहे, असं म्हटलं तर जास्त होणार नाही. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना '2जेके' हे कॉलसाइन मिळालं. भारतातले पहिले हौशी रेडिओवाले ते. पण पहिलेपणाची एक गंमत असते. ज्याच्याकडे गावातला पहिला टेलिफोन येतो, तो फोन कुणाला करणार? त्याच वर्षी मुकुल बोस '2एचक्यू' म्हणून आले आणि मगच दोघांचं बोलणं सुरू झालं. म्हणजे हा छंद आपल्या देशात खऱ्या अर्थाने सुरू झाला तो दुसरा माणूस आला तेव्हा.

त्याच्याही आधी, १८९५च्या सुमारास, इथल्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर प्रयोग केला होता. तार न जोडता, अदृश्य लहरींनी दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. टाउन हॉलची ती पांढऱ्या खांबांची इमारत आजही हायकोर्टाजवळ उभी आहे. तिथून राजाबाजारला आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर गेलात, तर बोस यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली संस्था आणि कोलकाता विद्यापीठाचं सायन्स कॉलेज शेजारी शेजारी दिसेल. या सायन्स कॉलेजात शिशिरकुमार मित्र यांनी आकाशातल्या त्या थराचा अभ्यास केला, ज्याला 'आयनोस्फिअर' म्हणतात. रेडिओच्या ठरावीक लहरी वर जाऊन या थरावरून परत खाली वळतात, म्हणून तर कोलकात्याचा आवाज जपानला पोचतो. मित्र यांचा 'द अपर अॅटमॉस्फिअर' हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला.

एक खास मराठी धागाही आहे. बोस यांची जयंती ३० नोव्हेंबरला असते. त्या निमित्ताने महाराष्ट्रातून एक हौशी हॅम वर्षानुवर्षं खास कॉलसाइन घेऊन जगाशी बोलत आले आहेत, आणि त्या कॉलसाइनच्या शेवटी 'जेसीबी' ही बोस यांची आद्याक्षरं असतात. आपल्याकडे जेसीबी म्हटलं की खोदकाम आठवतं. इथे त्याचा अर्थ कोलकात्याच्या प्राध्यापकांना मराठी मुलखातून केलेला नमस्कार असा आहे.

अठ्ठेचाळीस तासांची शर्यत

आता मुद्द्यावर येऊ. हॅम मंडळींमध्ये दोन पंथ फार जोरात आहेत, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना प्रेमाने चिडवत असतात.

पहिला पंथ स्पर्धावाल्यांचा. जगातली सगळ्यात मोठी हॅम स्पर्धा, 'सीक्यू वर्ल्डवाइड', दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलण्याची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्स कोडची असते. भारतीय वेळेनुसार शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. या ४८ तासांत जगातल्या जास्तीत जास्त ठिकाणच्या जास्तीत जास्त माणसांना गाठायचं.

बोलायचं काय? जवळपास काहीच नाही! समोरच्याचं कॉलसाइन घ्यायचं, आवाज कसा येतोय त्याचा आकडा सांगायचा आणि आपला विभाग सांगायचा. भारताची मुख्य भूमी २२ नंबरच्या विभागात येते. म्हणून कोलकात्याचा स्पर्धक दोन दिवस एकच मंत्र म्हणतो, "फाइव्ह नाइन, टू टू." फाइव्ह नाइन म्हणजे आवाज अगदी ठणठणीत. खरं तर समोरचा आवाज कढईत मोहरी तडतडावी तशा खरखरीतून जेमतेम येत असतो, तरी आकडा ठणठणीतचाच. चूक होऊ नये आणि वेळ वाचावा म्हणून. पाच-सहा सेकंदांत भेट संपते, पुढचा!

ऑक्टोबरच्या शेवटी कोलकात्यात दुर्गापूजा संपलेली किंवा कालीपूजा तोंडावर आलेली असते. खाली रोषणाईच्या माळा, वर अँटेना. त्या माळा, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मिळून रेडिओत गोंगाट सोडतात. त्या गोंगाटातून ब्राझीलमधलं एखादं अर्धवट नाव पकडायचं, म्हणजे लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना मागच्या पंगतीतल्या मावशींचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. कान तयार लागतो.

स्पर्धा एकट्यानेच खेळावी लागते असंही नाही. तीन-चार जणांनी एकाच केंद्रावर पाळीपाळीने बसायची वेगळी श्रेणी असते. एक जण बोलतोय, दुसरा नोंदी तपासतोय, तिसरा जमिनीवर पंचा टाकून दोन तास आडवा झालाय आणि चौथा झालमुढी आणायला गेलाय, अशी ती मजा.

नवव्या मीटरवरचे डोंगरवेडे

दुसरा पंथ डोंगरवाल्यांचा. पाठीवरच्या पिशवीत छोटा रेडिओ, बॅटरी, गुंडाळलेली तार. डोंगर चढायचा, माथ्यावर तार टांगायची आणि तिथून बोलायचं. यासाठी 'समिट्स ऑन द एअर' नावाचा उपक्रम २ मार्च २००२ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. नियम साधे, पण शिस्तीचे. माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा स्वतःच्या ताकदीवर गाठायचा, सामान स्वतः न्यायचं, गाडीच्या बॅटरीवर रेडिओ चालवायचा नाही. माथ्यावरून किमान चार जणांशी बोलणं झालं, की त्या शिखराचे गुण मिळतात.

यात एक छान जोडी असते. एक चढणारा आणि दुसरा खाली घरात बसून त्याला शोधणारा. चढणाऱ्याकडे चार-पाच वॉटचा रेडिओ, म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्याइतकी ताकद. तो आवाज कुणीतरी कान देऊन ऐकला नाही, तर चढण्याचे कष्ट वाया. म्हणून शोधणाऱ्यालाही वेगळे गुण मिळतात. समोरच्याच्या चढाईत आपलाही वाटा आहे, हे त्या खेळाने मान्य केलंय.

आता कोलकात्याची पंचाईत बघा. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ मीटरवर आहे. डोंगर सोडा, धड टेकाडही नाही. आणि हातात धरायच्या रेडिओच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, क्षितिजाच्या पलीकडे वळत नाहीत. त्यामुळे उंचीचा हिशेब फार महत्त्वाचा. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून रेडिओचं क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असतं. आजूबाजूच्या सपाटीपासून ४०० मीटर उंच टेकडीवर गेलात तर तेच सुमारे ८० किलोमीटर होतं. आणि १६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या उंचीवर, चारी बाजूंना सपाट जमीन आहे असं धरलं तर १६० किलोमीटरच्या पुढे! सह्याद्री घरामागे असणाऱ्या आपल्या लोकांना याची किंमत कळत नाही. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना आपण केवढ्या मोठ्या अँटेनावर बसलोय, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोलकात्याच्या डोंगरवेड्याला माथा हवा असेल तर पश्चिमेकडे निघावं लागतं. बांकुडा जिल्ह्यातली शुशुनिया टेकडी सुमारे ४४० मीटरची. पायथ्याशी झऱ्याचं पाणी, कातळावर चौथ्या शतकातल्या चंद्रवर्मन राजाचा शिलालेख, आणि गिर्यारोहण शिकणाऱ्या मुलांची वर्दळ. त्याच्या पलीकडे पुरुलियाचे अयोध्या डोंगर, पळसाच्या दिवसांत लालभडक होणारे. आणि अगदीच हौस असेल तर उत्तरेला राज्यातलं सर्वोच्च शिखर संदकफू, ३,६३६ मीटर. थोडक्यात, मुंबई-पुण्याचा हॅम रविवारी सकाळी डोंगरावर जाऊन दुपारी जेवायला घरी येऊ शकतो. कोलकात्याच्या हॅमला सुट्टी टाकावी लागते.

मग दोस्ती कुठे जास्त?

इथे खरा वाद सुरू होतो. डोंगरवाले म्हणतात, "पाच सेकंदांत फाइव्ह नाइन म्हणून पळणं, याला काय ओळख म्हणायची? आम्ही बरोबर चालतो, डबा वाटून खातो, माथ्यावर बसून निवांत बोलतो." स्पर्धावाले म्हणतात, "तुमची ती सहल हो. रेडिओ नसता तरी तुम्ही गेलाच असतात. आम्ही दोन रात्री जागून जग गोळा करतो."

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण स्पर्धेच्या नियमात एक गोष्ट अशी आहे, जी वाचून मन जरा अडखळतं. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोललात तर ३ गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी बोललात तर साधारण १ गुण. आणि आपल्याच देशातल्या माणसाशी? शून्य! पहिल्या भेटीने एकूण हिशेबात थोडी भर पडते, पण गुण शून्यच. म्हणजे कोलकात्याहून अडीचशे किलोमीटरवरच्या ढाक्याचा १ गुण, आणि दीड हजार किलोमीटरहून लांब असलेल्या पुण्याचा शून्य. त्या दोन दिवसांत पुण्याच्या मित्राने हाक मारली तर 'बाबा, नंतर बोलू' असंच मनात येणार. यात वाईटपणा नाही, खेळाची रचनाच तशी आहे. जगाला जोडण्यासाठी आखलेल्या खेळात घरचा माणूस मोजला जात नाही.

तरीही स्पर्धेत मैत्री होतच नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. वर्षानुवर्षं त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच लहरीवर तोच आवाज येतो. नावाखेरीज काही माहीत नसतं, पण एखाद्या वर्षी तो आवाज आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. हॅम लोक आपल्यातल्या दिवंगत माणसाला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे शांत झालेली मोर्सची कळ. ज्याच्याशी आयुष्यभरात मिळून पाच मिनिटंही बोलणं झालं नाही, त्याच्यासाठीही माणूस हळहळतो. रोज लोकलमध्ये समोर बसणारा, नाव माहीत नसलेला प्रवासी आठवा, म्हणजे कळेल.

आणि या धावपळीतून तयार झालेला कान कधी कामाला येईल, सांगता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओची तुकडी भारती प्रसाद यांच्यासोबत अंदमानला गेली होती. १९८७ नंतर तिथून हॅम आवाज गेला नव्हता, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांना गाठायला तुटून पडले होते. निव्वळ हौसेची मोहीम होती. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. ज्या रेडिओवरून काल गंमत चालली होती, त्याच रेडिओवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर जाऊ लागली. हजारो आवाजांच्या गर्दीतून एक नाव नेमकं पकडायची सवय त्या दिवशी खेळ राहिली नाही.

गंगासागर: जिथे दोन्ही पंथ एक होतात

कोलकात्यात या वादाचं उत्तर शोधायचं असेल तर दक्षिणेला जा. काकद्वीपजवळच्या लॉट नंबर ८ च्या धक्क्यावरून बोटीने मुरीगंगा ओलांडली की कचुबेडिया. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर सागर बेटाचं दक्षिण टोक, कपिल मुनींचं मंदिर आणि गंगा समुद्राला मिळते ती वाळू. बाकी तीर्थं पुन्हापुन्हा, गंगासागर मात्र एकदाच, अशा अर्थाची म्हण आहे. का ते वाटेतच कळतं. ओहोटी लागली की गाळामुळे बोट थांबते, जानेवारीचं धुकं पडलं तरी थांबते.

आपण मकर संक्रांतीला तिळगूळ वाटतो, तेव्हा इथे लाखो लोक स्नानाला आलेले असतात. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, नेपाळ, अगदी आपल्याकडूनही. एवढ्या गर्दीत फोन लागेनासा होतो, म्हातारी माणसं हरवतात. जत्रेत हरवलेली भावंडं सिनेमात शेवटी भेटतात, इथे ते काम कुणीतरी करावं लागतं. वेस्ट बेंगाल रेडिओ क्लबचे हॅम स्वयंसेवक वर्षानुवर्षं या मेळ्यात हातात रेडिओ घेऊन उभे असतात आणि हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवतात. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हाही हे हॅम रेडिओ घेऊन तयार होते.

या कामाला काय लागतं, बघा. वाळूत बांबू रोवून अँटेना उभी करणं, बॅटरी पुरवून वापरणं, थंडीत रात्र काढणं, ही डोंगरवाल्यांची विद्या. गोंगाटात अर्धवट ऐकलेलं गावाचं नाव पकडणं, एक शब्दही जास्त न बोलणं, पहाटे तीनलाही नोंद न चुकवणं, ही स्पर्धावाल्यांची. एकाला दुसऱ्याशिवाय इथे चालत नाही.

आणि आता तो शून्य आठवा. समजा, बीड किंवा गोंदियाकडच्या एक आजी इथे गर्दीत चुकल्या. बंगाली येत नाही, हिंदी तोडकं-मोडकं, घाबरल्यामुळे गावाचं नावही धड सांगता येत नाही. 'आमच्या वाडीजवळ मारुतीचं देऊळ हाय' एवढंच. अशा वेळी ब्राझीलचे ३ गुण काय कामाचे? तेव्हा उपयोगी पडतो तो महाराष्ट्रातला ओळखीचा हॅम, जो आजींची बोली ऐकून "अमुक भागातल्या दिसतायत" म्हणेल आणि तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन करेल. हरवलेल्यांच्या घराचा पत्ता लावायला हे लोक राज्याराज्यांतल्या हॅम मित्रांची अशीच मदत घेतात. स्पर्धेत ज्याचे गुण शून्य, तोच माणूस आजींना घरी पोचवतो.

पण तो ओळखीचा झाला कसा? कधी स्पर्धेनंतरच्या सोमवारी निवांत बोलताना, कधी कुठल्याशा टेकडीवरून आलेली बारीक हाक ऐकताना. दोन्ही पंथ त्यासाठीच हवेत. एक तुम्हाला खूप माणसं देतो, दुसरा त्यातल्या थोड्यांपाशी बसायला वेळ देतो.

तुम्हाला ही चव घ्यायची असेल तर

* कोलकात्यात एक सकाळ राखून ठेवा. टाउन हॉलपासून सुरुवात करा. मग चांदनी मार्केटमध्ये शिरा, सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुकानं मुलांना फार आवडतील. शेवटी राजाबाजारला बोस आणि मित्र यांच्या संस्था बाहेरून का होईना, बघून या.
* गंगासागरला मेळा सोडून इतर दिवशीही जाता येतं, गर्दी कमी असते. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून निघा. मेळ्यात जाणार असाल तर म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी नक्की ठेवा.
* परवाना नसताना हॅम रेडिओ विकत घेऊन बोलणं बेकायदेशीर आहे, ऑनलाइन कितीही स्वस्त दिसला तरी. परवान्यासाठी केंद्रीय संचार मंत्रालयाची परीक्षा असते. वयाची १२ वर्षं पूर्ण केलेली मुलंही ती देऊ शकतात. जवळच्या हॅम क्लबमध्ये चौकशी करा, लोक आनंदाने शिकवतात.
* फक्त ऐकायचं असेल तर हातातला मोबाइल पुरेसा आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा 'वेबएसडीआर' रेडिओ इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवारी तो लावा आणि १४ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरा. जगभरची माणसं एकमेकांना हाका मारताना ऐकू येतील.

आणि त्या कल्लोळात कुणी "फाइव्ह नाइन, टू टू" म्हणालं, तर कान टवकारा. तो आपल्याकडचा, नाहीतर शेजारच्या बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेचा. त्या पाच सेकंदांत कुणाला तो मोजण्यापुरता हवा असेल, कुणाला नसेलही. सोमवारी सकाळी शर्यत संपल्यावर मात्र त्याच्याशी बोलायला भरपूर वेळ असतो.